बोटीवरून काम: कॉल मध्येच तुटला की आधी राउटरचा अपटाइम बघा

शिडाच्या बोटीवर राहून ऑफिसचं काम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. खाडीत नांगर टाकलाय, राउटरवर सिग्नलच्या दांड्या पुरेशा आहेत, स्पीड टेस्टला ४० एमबीपीएस येतायत, आणि ऐन मीटिंगमध्ये चित्र गोठतं. दीड-दोन मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग सिम बदलून बघतात, महागडा अँटेना डोलकाठीवर चढवतात, शेवटी स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट देणारी थाळी घेतात. तरी कॉल तुटतोच, कारण बहुतेक वेळा सिग्नल गेलेलाच नसतो. राउटरचा वीजपुरवठा सेकंदभर तुटलेला असतो. राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, टॉवर शोधतो, जोडणी करतो, आणि त्यात ती दोन मिनिटं जातात.

खालची उदाहरणं ग्रीसच्या आयोनियन समुद्रातली आहेत, म्हणजे प्रेव्हेझा, लेफ्कादा, इथाका हा पट्टा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसशी वेळ जुळवायला ही जागा सोयीची आहे: उन्हाळ्यात ग्रीस भारताच्या अडीच तास मागे, हिवाळ्यात साडेतीन तास. विजेचा भाग मात्र १२ व्होल्टवर चालणाऱ्या कुठल्याही बोटीला जसाच्या तसा लागू होतो, ती कुठेही उभी असो.

आधी हे बघा

कॉल तुटला की राउटरच्या पानावर जाऊन अपटाइम वाचा, म्हणजे राउटर किती वेळापासून सलग चालू आहे तो आकडा. स्टारलिंक असेल तर त्याच्या अॅपमध्येही हा आकडा मिळतो. तो दोन-तीन मिनिटांचा निघाला तर प्रश्न विजेचा आहे आणि पुढचे बरेच परिच्छेद तुमच्यासाठी आहेत. आकडा कित्येक तासांचा किंवा दिवसांचा असेल तर वीज ठीक आहे. थेट सिग्नलच्या भागाकडे (‘अपटाइम शाबूत आहे, तरी तुटतं’) जा.

यात एक फसवा प्रकार आहे. बऱ्याच राउटरांत ‘पिंग रीबूट’ नावाची सोय असते: ठरावीक वेळ बाहेरून उत्तर आलं नाही की राउटर स्वतःलाच बंद-चालू करतो. ती चालू असेल तर सिग्नल थोडा वेळ डळमळला तरी अपटाइम शून्यावर येतो आणि दोष विजेचा वाटतो. तपासणीपुरती ती बंद ठेवा. राउटरमध्ये घटनांची नोंद मिळत असेल तर तीही वाचा, कारण स्वतःहून घेतलेला रीबूट तिथे लिहिलेला असतो आणि वीजपुरवठा तुटून झालेला नसतो.

सोबत एका कागदावर तीन गोष्टी लिहायला लागा: तुटल्याची वेळ, त्या क्षणी बोटीवर काय काय चालू होतं, आणि बोटीची नाळ (पुढचं टोक) कुठल्या दिशेला होती. पाच-सहा नोंदी झाल्या की साचा दिसायला लागतो. आयोनियनमध्ये तो साधारण तीन प्रकारचा असतो. सकाळी साडेसातच्या आसपास तुटत असेल तर वीज. दुपारी दीड-दोननंतर तुटत असेल तर बोटीचं फिरणं, कारण वायव्येचा ‘माएस्त्रो’ वारा दुपारी उठतो आणि नांगरावरच्या बोटी तोंड वळवतात. संध्याकाळी आठनंतर रखडत असेल तर टॉवरवरची गर्दी. ऑगस्टमध्ये भाड्याच्या बोटींनी खाडी भरलेली असते आणि सगळे एकाच वेळी फोन काढून बसतात.

सकाळचं जरा नीट समजून घ्यायला हवं. पुण्याची दहाची स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) म्हणजे ग्रीसमध्ये उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. रात्रभर फ्रिज चाललेला, नांगरदिवा जळलेला, राउटर चालू राहिलेला. ऑगस्टमध्ये साडेसातला सूर्य जेमतेम डोंगराच्या वर येतो. डिसेंबरात लेफ्कादाला तो उगवतोच साडेसातनंतर. म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज चोवीस तासांत सगळ्यात खाली असतो, नेमकी तेव्हाच तुमची पहिली मीटिंग. त्यात कुणीतरी उठून तोंड धुतं आणि पाण्याचा पंप चालू होतो.

व्होल्टेज मोजायचा तो उपकरणाच्या पिनेवर

स्विच पॅनेलवरच्या मीटरवर विसंबू नका. तो १२.४ दाखवत असेल तरी राउटरच्या पिनेपाशी ११.३ असू शकतात. साधा मल्टिमीटर चालेल, पण ‘मिन-मॅक्स’ (सर्वात खालचा-वरचा आकडा धरून ठेवणारी सोय) असलेला घेतलात तर काम सोपं होतं, कारण सेकंदभराची घसरण डोळ्यांनी पकडता येत नाही.

राउटर किंवा स्टारलिंक चालू ठेवूनच, त्याच्या प्लगच्या शक्य तितक्या जवळ प्रोब लावा. मीटर ‘मिन’वर टाका. मग एकेक करून पाण्याचा पंप, विजेवरचा संडास, फ्रिज, डिझेल हीटर आणि शेवटी इंजिनचा स्टार्टर चालवा. प्रत्येकानंतर सर्वात खालचा आकडा लिहून ठेवा. बॅटरी भरलेली असताना दुपारी ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. पहाटे, रात्रीचा वापर झाल्यावर घ्या.

कोण किती ओढतो याचा अंदाज: फ्रिजचा डॅनफॉस-सेकॉप जातीचा कॉम्प्रेसर ४ ते ६ अँपिअर, पाण्याचा पंप ६ ते ८, विजेवरचा संडास १५ ते २०, डिझेल हीटरचा ग्लो प्लग पहिली दोन-तीन मिनिटं ८ ते १०. नांगर ओढणारा १,००० वॉटचा विंडलास ८० ते १०० अँपिअर, आणि इंजिनचा स्टार्टर त्याच्याही वर.

आता हिशेब. तांब्याच्या वायरीतली घसरण काढायची तर जाण्या-येण्याची मिळून लांबी मीटरमध्ये घ्या, तिला ०.०१७५ ने गुणा, वायरीच्या जाडीने (चौरस मिलिमीटर) भागा. हा झाला अडथळा ओहममध्ये. त्याला अँपिअरने गुणलं की व्होल्ट मिळतात. समजा बॅटरीपासून स्विच पॅनेल ६ मीटरवर आहे आणि मुख्य वायर ६ चौरस मिमीची. जाण्या-येण्याचे १२ मीटर, अडथळा ०.०३५ ओहम. पंप आणि संडास एकदम चालले की २८ अँपिअर, म्हणजे पॅनेलवरच जवळजवळ १ व्होल्ट गेला. राउटर त्याच पॅनेलवरून वीज घेतो. कुणीतरी संडासाचं बटण दाबलं आणि तुमची स्क्रीन गोठली, याचं गूढ एवढंच.

अपुऱ्या व्होल्टेजचा सगळ्यात मोठा बळी हल्ली स्टारलिंक मिनी, म्हणजे स्टारलिंकची छोटी थाळी, असतो. त्याच्या कागदपत्रात १२ ते ४८ व्होल्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे लोक सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून थेट जोडून मोकळे होतात. पण १२ ही त्याची खालची हद्द आहे, आणि बोटीची बॅटरी सकाळी तिथेच असते. सरासरी वापर २५ ते ४० वॉटचा असला तरी चालू होताना आणि भार वाढला की तो ६० वॉटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे १२ व्होल्टवर ५ अँपिअर. बॅटरीपासून मागच्या रेलिंगपर्यंत ८ मीटर अंतर आणि १.५ चौरस मिमीची वायर धरली तर घसरण ०.९३ व्होल्ट. बॅटरी १२.२ वर असेल तर थाळीला मिळतात ११.३. ती चालू होते, उपग्रह शोधायला लागते, ओढ वाढते, व्होल्टेज पडतो, बंद होते, पुन्हा चालू होते. दुपारी सौर पॅनेल बॅटरीला १३.८ वर नेऊन ठेवतात तेव्हा हेच यंत्र दिवसभर बिनतक्रार चालतं. म्हणून दोष यंत्राच्या माथी मारला जातो आणि बदली मागवली जाते. नवीन यंत्रही सकाळी तसंच वागतं.

सोबत येणारी १५ मीटरची वायर वापरणाऱ्यांना आणखी फटका बसतो. ती ३० व्होल्टच्या अडॅप्टरसाठी बनवलेली आहे. त्या व्होल्टेजला विद्युतप्रवाह कमी, म्हणून बारीक तार चालते. तीच तोडून १२ व्होल्टला जोडली की प्रवाह अडीच पट होतो आणि घसरणही अडीच पट.

घसरण नेमकी कुठे होतेय

जाड वायर विकत आणण्याआधी दोष शोधा, कारण निम्म्या वेळा वायर पुरेशी असते आणि जोड सडलेला असतो. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, भार चालू ठेवा, आणि प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना एकेक प्रोब लावा: बॅटरीचा खांब आणि त्यावरचं थिंबल, फ्यूजच्या आधी आणि नंतर, स्विचच्या आधी आणि नंतर. ५ अँपिअर वाहत असताना चांगल्या जोडावर ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसू नयेत. कुठे २०० किंवा ३०० दिसले की गुन्हेगार सापडला.

ऋण बाजू विसरू नका. लाल वायरीचे सगळे जोड चकाचक करून लोक थांबतात आणि काळी वायर दहा वर्षांपूर्वीच्या बसबारवर (अनेक वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीवर) तशीच राहते. एक प्रोब बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरा उपकरणाच्या ऋण पिनेवर. जो आकडा येईल तो सगळा वाया जाणारा व्होल्टेज.

खारं वातावरण काय करतं ते वायर सोलल्यावर दिसतं. प्लॅस्टिकचं आवरण कापा. आतले तंतू लालसर चमकदार हवेत. ते काळे पडलेले असतील, किंवा थिंबलच्या तोंडाशी हिरवट पूड जमली असेल, तर पाणी तंतूंच्या फटींतून आत शिरलेलं आहे. काळा भाग संपेपर्यंत वायर कापत मागे जा. कधी दहा सेंटिमीटरवर चांगलं तांबं लागतं, कधी दोन मीटर गेलं तरी लागत नाही; तेव्हा वायरच बदला, आणि कल्हई केलेल्या तंतूंची मरीन वायर घ्या. घरगुती वायर बोटीवर दोन-तीन मोसमांत काळी पडते.

सिगारेट लायटरचं सॉकेट राउटरसाठी वापरूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतली स्प्रिंग आणि पितळेची टोपी एवढ्यावर संपर्क अवलंबून, बोट हलली की प्लग फिरतो. त्या जोडात ०.१ ओहम अडथळा आला तरी ५ अँपिअरला अर्धा व्होल्ट गेला. प्लग हाताला गरम लागत असेल तर तो आजच काढा. थेट स्क्रू टर्मिनलवर जोडा, किंवा घट्ट बसणारं १२ मिलिमीटरचं हेला जातीचं सॉकेट लावा.

नवा जोड करताना रॅचेटवाली क्रिंप पक्कड, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, आणि क्रिंप झाल्यावर हाताने जोरात ओढून पाहणं. फक्त सोल्डरवर विसंबू नका: सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि थरथरीने तिथेच तुटते.

दुरुस्ती

राउटर आणि स्टारलिंक यांना पॅनेलवरून काढा. बॅटरीच्या मुख्य बसबारवरून त्यांच्यासाठी वेगळी जोडी टाका, बॅटरीपासून हातभर अंतरातच फ्यूज लावा. अमेरिकन बोट-मानक एबीवायसी महत्त्वाच्या वायरींसाठी ३ टक्के घसरण मान्य करतं, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६. आपल्या ८ मीटर-५ अँपिअरच्या उदाहरणात ४ चौरस मिमीची वायर ०.३५ वर येते, म्हणजे काठावर पास. ६ ची घेतली तर ०.२३.

स्टारलिंक मिनीसाठी याहून चांगला आणि स्वस्त उपाय म्हणजे बूस्ट कन्व्हर्टर: १२ आत, २४ बाहेर, आउटपुट किमान ५ अँपिअरचं. तो बॅटरीजवळ, मीटरभराच्या आत बसवा. आतली बाजू २.५ चौरस मिमी किंवा जास्त, फ्यूज १० अँपिअर. बाहेरच्या बाजूला ६० वॉटला फक्त २.५ अँपिअर वाहतात, त्यामुळे जुनी १.५ चौरस मिमीची वायर ठेवलीत तरी ०.४७ व्होल्ट पडतील आणि थाळीला साडेतेवीस मिळतील. बॅटरी ११.५ वर गेली तरी थाळीला कळत नाही. प्लग घालण्याआधी मल्टिमीटरने आतली पिन धन आहे ना ते तपासा. उलट जोडणीला दुसरी संधी मिळत नाही. कन्व्हर्टर इंजिनच्या खोलीत किंवा गादीखाली कोंबू नका, त्याला हवा लागते. त्याच्या आधी एक स्विच टाका, कारण थाळी बंद असतानाही तो थोडी वीज खात राहतो.

राउटरचं गणित वेगळं. टेल्टोनिकासारखे औद्योगिक राउटर ९ व्होल्टपासून चालतात, त्यांना घसरणीचा त्रास फारसा होत नाही. इंजिन सुरू करताना मात्र तेही बंद पडू शकतात. घरगुती राउटर मात्र बरोबर १२ व्होल्टच्या अडॅप्टरची सवय असलेला असतो. त्याला थेट बॅटरीवर टाकलं तर सकाळी ११.५ मिळतात आणि चार्जिंगच्या वेळी १४.४. एक त्याला रीबूट करतो, दुसरा हळूहळू मारतो. मधे ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा कन्व्हर्टर हवाच, ३ अँपिअरचा पुरतो.

लोडशेडिंगमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचलेला राउटरचा छोटा यूपीएस बोटीवरही उत्तम काम करतो. सेकंदाच्या घसरणी तो गिळून टाकतो. फक्त तोही घरच्या अडॅप्टरवर चालायला बनवलेला असतो, म्हणून त्याच्या आधी तोच स्थिर १२ देणारा कन्व्हर्टर लावा. आणि तो लिथियम पेशींचा डबा आहे हे लक्षात ठेवून उन्हात किंवा इंजिनजवळ ठेवू नका.

इंजिन सुरू करताना सगळंच बंद पडत असेल तर बॅटरीचा मोठा गोल स्विच बघा. तो ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडणाऱ्या खुणेवर, राहिलेला असणार. स्टार्टरची बॅटरी वेगळी, बोटीवरच्या बाकी वापराची वेगळी. ‘बोथ’ फक्त अडचणीपुरतं.

हे सगळं करूनही पिनेवरचा आकडा पडत असेल तर बॅटरीच थकलेली आहे. तपासायला २० अँपिअरचा भार टाका आणि टाकण्याआधीचा व नंतरचा व्होल्टेज खुद्द खांबावर मोजा. १२.५ वरून ११.९ झाला तर आतला अडथळा ३० मिलिओहम. २०० अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरी-बँकेत तो ५ ते १० च्या घरात असतो. लिथियममध्ये उलट फसगत होते: व्होल्टेज १३.२ ला तासन्‌तास चिकटून बसतो, शेवटच्या वीसेक टक्क्यांत कोसळतो आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) एकदम सगळं तोडतो. तिथे व्होल्टेज बघून काही कळत नाही, आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंट लागतो. तोही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून १०० टक्क्यांवर पुन्हा जुळवला नाही तर आठवड्याभरात खोटं बोलायला लागतो. लिथियमवाल्यांचा कॉल भर दुपारी तुटत असेल तर बीएमएसच्या अॅपमध्ये एखादी पेशी उंच जाऊन कट होतेय का बघा, आणि सौर नियंत्रकाचा वरचा व्होल्टेज १४.२ वर आणा.

मुळात वीज पुरते का

जोड कितीही चांगले केले तरी रोजची तूट भरून निघत नसेल तर सकाळ वाईटच जाणार. कामाच्या दिवसाचा हिशेब असा धरा: लॅपटॉप ४० वॉट आठ तास, ३२० वॉट-तास. यूएसबी-सीवर चालणारा दुसरा स्क्रीन ८०. राउटर ७ वॉट चोवीस तास, १६८. स्टारलिंक मिनी ३० वॉट नऊ तास, २७०. फोन वगैरे २०. बेरीज साधारण ८६० वॉट-तास, म्हणजे ६९ अँपिअर-तास. उन्हाळ्यात फ्रिज ४५, दिवे, पंप आणि एआयएस (आसपासच्या बोटी दाखवणारं यंत्र) मिळून १५. एकूण १३० च्या आसपास.

एजीएम (बंदिस्त शिसे-आम्ल) बॅटरी निम्म्यापलीकडे रिकामी करायची नाही, म्हणजे एका ढगाळ दिवसासाठी २६० अँपिअर-तासांची बँक. ४०० वॉटचे सौर पॅनेल उन्हाळ्यात, बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली वगैरे धरून, साडेचार तासांच्या पूर्ण उन्हाइतकं देतात: १,८०० वॉट-तास, सुमारे १३८ अँपिअर-तास. जेमतेम बरोबरी. डिसेंबरात यातलं एक तृतीयांश मिळालं तर नशीब. म्हणून हिवाळ्यात नांगरावर राहून पूर्णवेळ नोकरी करायचा हट्ट धरू नये. प्रेव्हेझा किंवा लेफ्कादाच्या मरीनात (बोटींच्या धक्क्यात) २३० व्होल्टची केबल लावून बसावं.

सगळ्यात सोपी बचत इन्व्हर्टरमध्ये आहे. लॅपटॉप चार्ज करायला तो दिवसभर चालू ठेवला तर १० ते १५ टक्के रूपांतरात जातात, आणि रिकामा चालतानाही तो अर्धा ते एक अँपिअर खातो. १२ व्होल्टवरून थेट चालणारा ६५ किंवा १०० वॉटचा यूएसबी-सी चार्जर लावा.

अपटाइम शाबूत आहे, तरी तुटतं

लॅपटॉपवर दोन खिडक्यांत पिंग चालू ठेवा. एक राउटरच्या पत्त्यावर, एक ८.८.८.८ वर (गूगलचा सार्वजनिक पत्ता). पहिला तुटला तर दोष बोटीच्या आतल्या वायफायचा. फक्त दुसरा तुटला तर बाहेरचा.

आतल्या दोषाचं सर्वात हास्यास्पद आणि सर्वात वारंवार आढळणारं कारण: लॅपटॉपला किनाऱ्यावरच्या टॅव्हर्नाचं (खाणावळीचं) वायफाय पाठ असतं. बोट फिरून जवळ आली की तो गुपचूप तिकडे उडी मारतो, बोट परत फिरली की लटकतो. सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क ‘फर्गेट’ करा. मरीनात शेजारच्या पन्नास बोटींचे राउटर २.४ गिगाहर्ट्झवर कलकलाट करत असतात. आपला ५ वर ठेवा, बोटीएवढ्या अंतराला तो भरपूर होतो.

बाहेरचा दोष असेल तर दांड्या मोजू नका, राउटरच्या पानावरचे आकडे वाचा. आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद, उणे ९० पेक्षा चांगला असेल तर ठीक, उणे १०० च्या खाली अशक्त, उणे ११० च्या खाली आशा सोडा. पण पाण्यावर खरा निकाल एसआयएनआर देतो, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ते. उघड्या समुद्रावर मधे काही आडवं येत नाही, त्यामुळे बोटीला समोरच्या बेटांवरचे चार-पाच टॉवर एकदम दिसतात. सिग्नल दणदणीत, पण सगळे एकमेकांवर बोलतायत. एसआयएनआर १३ च्या वर हवा. शून्याच्या खाली गेला तर दांड्या कितीही असोत, आवाज तुटणारच. अशा वेळी राउटर दर थोड्या वेळाने टॉवर बदलतो आणि प्रत्येक उडीला कॉल अडखळतो. तासाभरात सेल आयडी (टॉवरचा ओळख-क्रमांक) किती वेळा बदलतो ते लिहा. पाच-सहा वेळा बदलत असेल तर बँड (लहरींचा पट्टा) कुलूपबंद करा, म्हणजे राउटरला एकाच बँडवर बांधून ठेवा. बँड २० म्हणजे ८०० मेगाहर्ट्झ, लांब पोचतो पण रुंदी कमी; बँड ३ आणि ७ वेगवान, पण जवळूनच. एकेक लावून दहा-दहा मिनिटं बघा, ज्याचा एसआयएनआर स्थिर तो ठेवा. नांगर उचलताना कुलूप काढायचं, हे राउटरवर चिठ्ठी लावून ठेवा. नाही तर पुढच्या खाडीत ‘इथे नेटच नाही’ म्हणून अर्धा दिवस जातो.

व्लिहोसारख्या चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खाडीत वाऱ्यापासून जितका आडोसा तितकाच सिग्नलपासूनही. तिथे नांगराची जागा शंभर-दोनशे मीटरने बदलल्याने जो फरक पडतो तो कुठल्याही अँटेनाने पडत नाही.

अँटेनाबद्दल एकच गोष्ट, कारण त्यावर पैसे फार वाया जातात. डोलकाठीच्या टोकावर चढवला म्हणजे चांगला, हे अर्धसत्य आहे. १८ मीटर एलएमआर-२०० जातीची अँटेना केबल २,६०० मेगाहर्ट्झला साधारण १० डीबी खाते, म्हणजे दहातला एक भाग खाली पोचतो. मागच्या रेलिंगवर दोन-तीन मीटर केबलवरचा चारही दिशांना बघणारा अँटेना बहुतेक वेळा बाजी मारतो. एका दिशेचा अँटेना नांगरावर निरुपयोगी, बोट फिरली की तो समुद्राकडे बघत बसतो. अँटेनाच्या एसएमए (स्क्रूच्या) जोडांवर आपोआप चिकटणारी रबर टेप गुंडाळा. दोन केबलींपैकी एकीत पाणी गेलं तर आरएसआरपी चांगला दिसतो आणि वेग निम्मा होतो.

संध्याकाळच्या गर्दीवर तांत्रिक उपाय नाही. व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुरतात. राउटरमध्ये एका कंपनीचं सिम असेल तर फोनमध्ये दुसरीचं ठेवा. राउटरने आपोआप सिम बदललं की बाहेरचा पत्ता बदलतो आणि ऑफिसचा व्हीपीएन तुटतो, हेही लक्षात असू द्या. महत्त्वाच्या मीटिंगआधी आपोआप बदल बंद ठेवा.

स्टारलिंकवर अपटाइम शाबूत असताना चित्र दोन-चार सेकंद गोठून परत येत असेल तर आकाश अडतंय. मिनीला सुमारे ११० अंशांचा उघडा कोन लागतो, आणि जाळं दर १५ सेकंदांनी उपग्रहांची वाटणी नव्याने करतं. वाट्याला आलेला उपग्रह डोलकाठीमागे किंवा रडारमागे गेला की तेवढा तुकडा जातो. थाळी मागच्या टोकाला, बिमिनीच्या (उन्हासाठीच्या कापडी छताच्या) नळ्यांच्या वर, जवळजवळ सपाट बसवा. जमिनीवरच्यासारखी एका दिशेला कलती ठेवून फिरत्या बोटीवर उपयोग नाही. अॅपमधल्या अडथळ्यांच्या नकाशावरही नांगरावर फार भरवसा ठेवू नका, बोट फिरते तसा तो गढूळ होतो. बूम एका बाजूला बांधून ठेवला तर फुकटात सुधारणा होते. ऑगस्टच्या उन्हात थाळी तापून स्वतःला बंद करू शकते, तिची वरची मर्यादा ५० अंश आहे. बोट घेऊन कोचीला किंवा गोव्याला यायचा बेत असेल तर एक सावधगिरी: भारताच्या हद्दीत उपग्रह फोन आणि तसली यंत्रं परवानगीशिवाय बाळगणं-वापरणं गुन्हा ठरतं. कामाची सोय मोबाइल सिमवरच धरून निघा.

एक तक्रार मात्र या कुठल्याच आकड्यात सापडत नाही. वीज ठीक, पिंग ठीक, आणि तरी पलीकडचे म्हणतात, ‘आवाज तुटतोय.’ वारा पंधरा नॉटच्या वर गेला की शीड चढवायची दोरी डोलकाठीच्या अॅल्युमिनियमवर टण-टण आपटायला लागते. कॉलचं सॉफ्टवेअर तो आवाज गाळायला जातं आणि त्यासोबत तुमचे अर्धे शब्दही गाळतं. बाहेर जा, दोरी डोलकाठीपासून ओढून बाजूच्या तारेला रबरी पट्ट्याने बांधा, आणि तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट लावा.